मेमरी कार्डावर दुकानाचा हिशोब ठेवताना

व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी आज क्वचितच कोणी असेल की ज्याच्या खिशात मोबाईल नाही, आणि त्या मोबाईलमध्ये धंद्याचे काही ना काही साठवलेले नाही. सुरत, भिवंडी, मालेगावहून मालाचे नमुने आता फोटोच्या रूपाने येतात. शिंपी गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद फोटो काढून ठेवतो. जरीकाम करणारा आपली नक्षी ठेवतो, मच्छीचा व्यापारी वजनाची पावती ठेवतो. फोनची जागा भरली की कोणी तरी सांगतो, एक मेमरी कार्ड घालून टाका, काम झाले. काम होते, यात शंका नाही. परंतु नखाएवढ्या त्या तुकड्यात आपण काय ठेवत आहोत, आणि तो तुकडा ते किती दिवस सांभाळणार, याची चौकशी आपल्यापैकी फारच थोडे लोक करतात. आम्हीही केली नव्हती. म्हणून प्रथम आमची हकीगत सांगतो.

आमचा धंदा कापडाचा. रत्नागिरीच्या आसपासच्या खेड्यांतून फेरीवाले आणि शिलाई करणाऱ्या बायका आमच्याकडून उधारीवर माल नेतात. या उधारीच्या तीन जुन्या वह्या होत्या. कोकणातल्या पावसात कागदाचे काय होते ते येथील वाचकांना सांगायला नको. पाने एकमेकांना चिकटू लागली, एका वहीला वाळवीही लागली. २०२२ च्या पावसाळ्यात घरातल्या मुलांनी सुचवले की सगळ्या पानांचे फोटो काढून कार्डावर ठेवू. मुंबईला खरेदीला गेलो असताना रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून १२८ जीबीचे कार्ड आम्ही घेतले होते, इतर ठिकाणच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या भावात. स्वस्त मिळाले याचा आनंदच होता. त्यावर आधी मालाच्या नमुन्यांचे फोटो आणि व्हिडिओ भरले होते. मग वह्यांची सहाशेच्या आसपास पाने चढवली, दोन-चार उघडून पाहिली, स्वच्छ दिसली. वह्या टाकून दिल्या.

पुढच्या रमजानच्या आधी वसुलीसाठी ते फोटो उघडायला बसलो. नमुन्यांचे फोटो उघडले. वह्यांच्या फोटोंची नावे एकाखाली एक बरोबर दिसत होती, आकारही लिहिलेला होता, पण उघडावे तर राखाडी चौकट. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळीच पाने. कार्ड १२८ जीबीचे नव्हतेच. आत जागा होती सुमारे ८ जीबी, आणि वर छाप १२८ चा.

नंतर घडले ते असे. बहुतेक फेरीवाले स्वतः येऊन आपली बाकी सांगून गेले. काहींचा आकडा आणि आमच्या अंदाजाचा आकडा जुळला नाही, तेथे त्यांचाच आकडा आम्ही धरला. दोघांनी सरळ हात झटकले. ते नुकसान सोसता आले. मनाला लागली ती वेगळीच गोष्ट. एक शिलाई करणारी बाई होती, तिचे आमच्याकडे जमा होते. दर महिन्याला थोडे थोडे पैसे आमच्याकडे ठेवून मुलीच्या लग्नाच्या कापडासाठी ती साठवत होती. तिच्याकडे कागद नव्हता, कारण वही आमची होती. ती आली आणि तिने विचारले, “माझे किती झाले?” आम्हांला सांगता आले नाही. तिने जी रक्कम आठवून सांगितली ती आम्ही दिली. ती कमी सांगत होती की बरोबर, हे आजही आम्हांला ठाऊक नाही. वही नीट नसली की घेणे बुडते एवढेच आपण धरून चालतो. देणेही बुडते, आणि ते दुसऱ्याचे असते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. स्मरणशक्तीला उर्दूत ‘हाफिजा’ म्हणतात, आणि राखणदाराला ‘मुहाफिज’. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मेमरी म्हणजे हाफिजा, हे मुलांनी सांगितले तेव्हा आम्ही समजलो की जो लक्षात ठेवतो तो राखणही करतो. मेमरी कार्डाच्या बाबतीत हे खरे नाही. ते हाफिजा आहे, मुहाफिज नव्हे. कसे, ते समजण्यासाठी त्याच्या पोटात काय चालते हे थोडे पाहावे लागेल.

कॅसेटमध्ये फीत असे आणि तिच्यावर लोहचुंबकाच्या खुणा असत. कार्डात फीत नाही, फिरणारे काही नाही. सिलिकॉनच्या चिपवर अब्जावधी बारीक कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीत विजेचा अतिशय सूक्ष्म भार कोंडून ठेवतात. भार किती आहे त्यावरून ती कोठडी कोणता आकडा सांगते ते ठरते. कोठडीभोवती वीज न वाहू देणारी पातळ भिंत असते, त्यामुळे फोन बंद केला, कार्ड काढून खिशात ठेवले, तरी भार आतच राहतो. या जातीच्या स्मृतीला ‘फ्लॅश’ म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली, आणि आज कार्डात वापरतात तो ‘नँड’ प्रकार १९८७ मध्ये. लोहचुंबकाने कॅसेट खराब होत असे, तसे कार्डाचे होत नाही. चुंबकाच्या बटणाच्या पाकिटात कार्ड ठेवू नका असे सांगणारे अजून भेटतात, त्यांचे मनावर घेण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुसताना येते. या कोठड्यांत नवीन काही लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते, आणि एकच कोठडी पुसता येत नाही, कोठड्यांचा मोठा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. चादरीवर चहाचा एक थेंब पडला तरी सबंध चादर धुवावी लागते, तसे. आणि कापडाचा धंदा करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको की प्रत्येक धुण्याला कापड थोडे विरते. कोठडीची भिंतही तशीच प्रत्येक पुसण्याला थोडी विरते. एक दिवस ती भार धरून ठेवीनाशी होते. जुन्या कार्डात एका कोठडीत एकच आकडा ठेवत, भिंती दणकट असत. आता स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी एकाच कोठडीत तीन-तीन आकडे दाटीने ठेवतात, म्हणजे भाराच्या आठ पायऱ्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. जागा वाढली, आयुष्य घटले. कार्डाच्या आत एक छोटा कारभारी असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो पाळीपाळीने सगळ्या कोठड्या वापरतो, म्हणजे एकच भाग विरू नये. पण तो कारभारीच बिघडला तर कार्डातला मजकूर शाबूत असूनही दिसत नाही.

आणखी एक. नुसते ठेवून दिलेले कार्डही कायमचे टिकत नाही. भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेने लवकर गळतो. पत्र्याच्या कपाटात, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कार्ड वर्षानुवर्षे पडू देणे म्हणजे त्यातला मजकूर आपल्या हाताने पातळ करणे होय. ज्यांना वाटते की लग्नाचा व्हिडिओ एका कार्डावर घालून पेटीत ठेवला की नातवंडे पाहतील, त्यांनी दोन-तीन वर्षांनी तो काढून दुसरीकडे उतरवून घ्यावा.

आता बाजारात कोणते कार्ड मागावे ते पाहू. मोठ्या कार्डाला एसडी म्हणतात, ते ३२ बाय २४ मिलिमीटरचे असते आणि कॅमेऱ्यात चालते. सँडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून ते १९९९ मध्ये जाहीर केले. मोबाईलसाठी २००४ मध्ये ट्रान्सफ्लॅश नावाचे बारके कार्ड आले, त्याचेच २००५ मध्ये मायक्रो एसडी असे नाव झाले. ते १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. आमच्या बाजारात ते रुजले गाण्यांमुळे. ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या मोबाईलच्या दुकानांवर लागत, आणि गाणी, कव्वाल्या, बयाने भरून घेण्यासाठी पोरांची रांग असे. आखातातून येणारा माणूस पूर्वी घरच्यांसाठी आवाजाची कॅसेट आणी, तो पुढे कार्ड आणू लागला. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि तो धंदा मावळला. आता अनेक महागड्या फोनला कार्डाची जागाच नसते. तेव्हा कार्ड विकत घेण्यापूर्वी आपला फोन ते घेतो का हे पाहावे. काही फोनमध्ये एकच खाच असते, तीत दुसरे सिम घाला किंवा कार्ड घाला, दोन्ही नाही.

जागेच्या मापावरून कार्डाच्या जाती पडतात, आणि हे कारागिरांनी विशेष लक्षात घ्यावे. २ जीबीपर्यंतचे साधे एसडी. त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, ही जात २००६ ची. त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी, ही २००९ ची. नव्या यंत्रात जुन्या जातीचे कार्ड चालते. जुन्या यंत्रात नव्या जातीचे चालत नाही. संगणकावर चालणारी भरतकामाची जुनी यंत्रे अशी आहेत की त्यांत नक्षीची फाईल कार्डावरून जाते, पण मोठे कार्ड घातले तर यंत्राला ते दिसतच नाही. कारागीर समजतो की यंत्र बिघडले, आणि मेकॅनिक बोलावतो. अशा यंत्रासाठी २ जीबीचे कार्ड शोधून जपून ठेवावे, कारण ते आता सहजासहजी मिळत नाही. दुसरी गोष्ट, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर मजकूर लावण्याची जी पद्धत असते तिच्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ ‘जागा असूनही जात नाही’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे.

छापलेल्या मापापेक्षा फोनमध्ये जागा थोडी कमी दिसते, त्याने घाबरू नये. ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे २९.८ आणि ६४ च्या कार्डावर सुमारे ५९.६ दिसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत. गज आणि मीटरचा फरक समजा. यात फसवणूक नाही.

मग त्यावरची चिन्हे. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० लिहिलेले असेल तर ते कार्ड दर सेकंदाला निदान १० एमबी लिहून घेते. यू अक्षरात १ असेल तर तेवढेच, ३ असेल तर ३० एमबी. व्ही ३० म्हणजेही ३०. ए १, ए २ ही चिन्हे फोनमधील प्रोग्राम कार्डावरून चालवायचे असतील त्यांच्यासाठी. बिले, मापे, नमुने यांच्या फोटोंना सी १० पुरते. साधा फोटो ३-४ एमबीचा धरला तर ३२ जीबीत आठ हजारांच्या आसपास फोटो मावतात. आमच्यासारख्या दुकानदाराला याहून मोठ्या कार्डाची गरज क्वचित पडते. वास्तविक मोठे कार्ड घेण्यात एक तोटाच आहे, सगळे एकाच ठिकाणी जमा होते आणि जाते तेव्हा सगळे एकदम जाते. दोन लहान कार्डे घ्यावीत, एक दुकानाचे, एक घरचे. मुलांचे खेळ आणि दुकानाचा हिशोब एका कार्डावर नांदत नाहीत.

दुकानात कॅमेरा बसवलेल्यांनी मात्र इकडे लक्ष द्यावे. कॅमेरा दर सेकंदाला २ मेगाबिट एवढे जरी लिहीत असला तरी दिवसाला २१-२२ जीबी होतात. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि कॅमेरा जुने पुसून पुन्हा वरून लिहू लागतो. वर्षात ते कार्ड सव्वाशे वेळा धुऊन निघाले. चोरी होते आणि कार्ड काढून पाहावे तर गेल्या दोन महिन्यांचे चित्रणच नाही, कारण ते कधीच मेले होते आणि कोणी पाहिले नाही, असे प्रकार होतात. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्ड वेगळे मिळते, तेच मागावे. अनेक कंपन्या साध्या कार्डाच्या हमीतून अखंड चित्रण वगळतात. आणि हमीचा कागद नीट वाचला तर आणखी एक गोष्ट दिसेल. बिघडले तर कंपनी कार्ड बदलून देते, त्यातला मजकूर परत देत नाही.

आता खोट्या कार्डाची ओळख. आमच्या कार्डाचे जे झाले ते कसे होते, तर आतल्या कारभाऱ्याला खोटे बोलायला शिकवलेले असते. फोनने विचारले, जागा किती, तर तो १२८ सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सगळे ठीक चालते. त्यापुढचा मजकूर तो घेतल्यासारखा करतो आणि टाकून देतो, किंवा जुन्याच जागेवर पुन्हा लिहून आधीचेही घालवतो. फाईलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, ती शाबूत राहते. म्हणून नावे दिसतात आणि आत काही नसते. वहीची अनुक्रमणिका ठीक, पाने कोरी. फोटो चढवल्यावर लगेच उघडले तेव्हा आम्हांला ते दिसले, कारण नुकतेच हाताळलेले चित्र फोन थोडा वेळ आपल्या स्वतःच्या स्मरणात ठेवतो आणि तेथूनच दाखवतो. कार्ड काढून, फोन बंद करून, पुन्हा घालून पाहिले असते तर त्याच दिवशी समजले असते. दहा मिनिटांचे काम होते.

वरच्या छपाईवरून, वेष्टनावरून खोटे कार्ड ओळखता येते असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. छपाई हुबेहूब करतात. खात्री करण्याचा मार्ग एकच, कार्ड पूर्ण भरायचे आणि परत वाचायचे. संगणकावर यासाठी ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो रिकामी जागा आपल्या फाईलींनी काठोकाठ भरतो, मग एकेक वाचून ताडून पाहतो आणि किती जागा खरी ते सांगतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून ठेवावे. संगणक नसेल तर मोठे व्हिडिओ कॉपी करीत कार्ड भरून टाकावे, ते काढून पुन्हा घालावे, आणि पहिले, मधले आणि शेवटचे व्हिडिओ उघडून पाहावेत. तागा घेताना वरचे दोन वार पाहून आपण घेतो का? आतपर्यंत उलगडून पाहतो, कुठे डाग, कुठे सुटलेला धागा. कार्डाला तोच दस्तूर लावावा, आणि तो बिल देणाऱ्या दुकानातून घेतल्यानंतरही लावावा. बिल असेल तर परत करता येते. आमच्याजवळ बिल नव्हते.

वापरताना काही पथ्ये आहेत. कार्ड काढण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘अनमाउंट’ करावे किंवा फोन बंद करावा. लिहिणे चालू असताना कार्ड ओढले, किंवा संगणकाला लावलेले असताना वीज गेली, तर नावांची यादी अर्धवट राहते आणि सगळेच कार्ड वाचता येईनासे होते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कॉपी करण्याचे काम बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर केलेले बरे. समुद्राच्या खाऱ्या हवेने कार्डाच्या पितळी रंगाच्या पट्ट्यांवर थर बसतो, तो कोरड्या मऊ सुती चिंध्याने पुसावा. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा जातो. मिरकरवाड्याच्या जेटीवर फोन वापरणाऱ्यांनी हे आठवड्याला करावे.

फोन नवीन कार्डाला विचारतो की हे फोनचीच साठवण म्हणून वापरायचे की वेगळे, नेता येण्यासारखे. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०१५ पासून आहे, सगळ्या कंपन्या ती देत नाहीत. पहिले निवडले तर कार्डातला मजकूर त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होतो. फोन पडून फुटला की कार्ड धडधाकट असूनही दुसऱ्या कोणत्याही फोनमध्ये उघडत नाही. धंद्याच्या कागदांसाठी दुसरेच निवडावे. याची उलट बाजूही आहे. वेगळ्या कार्डाला कुलूप नसते, ज्याच्या हाती गेले त्याने वाचावे. शिंपी आणि मेंदी-भरतकामवाल्यांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या घरच्या बायकांचे फोटो असतात. ती अमानत आहे. फोन दुरुस्तीला देताना कार्ड काढून खिशात घालावे. जुने कार्ड विकताना किंवा देऊन टाकताना नुसते ‘डिलीट’ करून भागत नाही, कारण डिलीट केल्याने यादीतले नाव जाते, मजकूर तेथेच राहतो. ते पुन्हा काठोकाठ निरुपयोगी फाईलींनी भरून मग पुसावे. आम्ही तर म्हणू, विकूच नये. चार पैशांसाठी दुसऱ्याची लाज बाजारात जाते.

एवढे सगळे केले तरी कार्ड एक दिवस जाणार. म्हणून खरा प्रश्न दुसऱ्या प्रतीचा आहे, आणि ती प्रत कोठे ठेवावी याचा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. २६ जुलै २००५ लाही बुडाली होती. अशा पुरात गल्ल्याशेजारची वही, टेबलावरचा संगणक आणि खणातले कार्ड यांत पाणी भेद करीत नाही. प्लास्टिकमध्ये ओतलेली चिप पाण्याने लगेच मरत नाही, कागदापेक्षा तिला जगण्याची आशा जास्त. पण चिखलात ती सापडली तर पाहिजे. तेव्हा दोन प्रती दुकानातच ठेवल्या तर त्या एकच समजाव्यात. आमच्याकडे आता मूळ वही दुकानात आहे, फोटोंचे कार्ड फोनमध्ये, एक प्रत घरी वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे. गूगलच्या खात्यात १५ जीबी मोफत जागा मिळते, वह्यांच्या फोटोंना ती पुष्कळ झाली. तेथे ठेवायचे असेल तर खात्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावा. मालक वारला आणि हिशोब खात्यात कुलूपबंद राहिला, हे आमच्या ओळखीच्या एका घरात झाले आहे.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्यासाठी ही केवळ सोयीची बाब नाही. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब आणि कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षे एका कार्डाच्या भरवशावर राहणे आम्ही तरी कोणाला सुचवणार नाही. दर वर्षी नवे कार्ड, जुने पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवावी, आणि दोन-तीन वर्षांनी मजकूर उतरवून घ्यावा. उधारी लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहेच, आणि जिचे पैसे आपल्याकडे जमा आहेत तिला दर वेळी हाताने लिहिलेली चिठ्ठी द्यावी. आम्ही आता देतो. त्या चिठ्ठीला बॅटरी लागत नाही.

कार्ड बिघडलेच तर काय करावे, ते शेवटी सांगतो. फोन म्हणतो, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का? घाईने ‘होय’ दाबू नये. कार्ड ताबडतोब काढावे आणि त्यावर नवीन काहीही लिहू नये. चुकून पुसलेले फोटो असोत किंवा बिघडलेली यादी असो, मूळ मजकुरावर दुसरे काही लिहिले गेले नसेल तोपर्यंत तो पुष्कळदा परत मिळतो. ‘फोटो रेक’ नावाचा मोफत प्रोग्राम हे काम करतो. घरात संगणक समजणारा मुलगा असेल तर त्याने परत मिळालेल्या फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, त्याच कार्डावर नव्हे. खोट्या कार्डातून मात्र काही मिळत नाही, कारण जे लिहिलेच गेले नाही ते कोठून येणार. मोठ्या शहरांत मजकूर काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांचा आकार जबर असतो. आधी लेखी दर घ्यावा, काही निघाले नाही तर पैसे द्यायचे की नाही हे ठरवून घ्यावे, आणि काम झाल्यावर कार्ड मागून परत आणावे.